अस्वलाच्या शेजारीं राहतांना



दोन मित्र आणि अस्वल यांची गोष्ट ज्यानें ऐकली नाहीं असें मूल आपल्याकडे क्वचितच सांपडेल. दोघे मित्र रानांतून चालले होते. वाटेंत अस्वल आलें. एक मित्र चपळाईनें झाडावर चढला, आणि दुसरा श्वास कोंडून जमिनीवर प्रेतासारखा पडून राहिला. अस्वलानें त्याला हुंगलें आणि तें निघून गेलें. मित्राची पारख कशी करावी हें शिकविण्यासाठीं इसापाच्या नांवानें ही कथा सांगतात, आणि त्या कामीं ती उत्तम आहे. परंतु आपल्या घरांत तिचा दुसराहि एक परिणाम झालेला आहे. अस्वलाविषयींचें आपलें बहुतेक ज्ञान याच गोष्टीपाशीं सुरू होतें आणि तेथेंच संपतें. झाडावर चढलें कीं माणूस वांचतो, आणि मेल्याचें सोंग घेतलें कीं अस्वल शिवत नाहीं, अशीं दोन सूत्रें आपण लहानपणीं पाठ करतों व मोठेपणींहि विसरत नाहीं. यांतलें पहिलें सूत्र साफ चुकीचें आहे. आपल्या देशांतील अस्वल झाडावर उत्तम चढतें. मधाच्या पोळ्यासाठीं आणि फळांसाठीं तें नेहमींच चढतें. दुसऱ्या सूत्रांत थोडें सत्य आहे, पण त्याचें कारण निराळें आहे. तें पुढें सांगतों.

गोष्टीखेरीज शहरांतल्या मुलांना अस्वल दिसे तें दरवेश्याच्या दोरीला बांधलेलें. नाकांतून दोर ओंवलेलें तें दीन जनावर दोन पायांवर उभें राहून नाचे, आणि त्याचा एक केस ताइतांत घालून मुलाच्या गळ्यांत बांधला म्हणजे दृष्ट लागत नाहीं अशी आयाबायांची समजूत असे. वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला, तरी हा खेळ पुढें कित्येक वर्षें चालूच होता. २००२ सालापासून आग्र्याजवळ अशा अस्वलांसाठीं आश्रयस्थान निघालें, हा खेळ करणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसऱ्या उद्योगांकडे वळविण्याचे प्रयत्न झाले, आणि २००९ च्या सुमारास नाचणारें अस्वल आपल्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहींसें झालें. झालें तें उत्तमच झालें. मात्र गोष्टींतलें अस्वल आणि दोरीचें अस्वल यांपैकीं कोणतेंहि अस्वल रानांतल्या अस्वलासारखें नव्हतें, आणि मेळघाटांत, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास ज्यांना रोज घराबाहेर पडावें लागतें, त्यांची गांठ या तिसऱ्या अस्वलाशीं आहे. त्या शेजाराविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम हा शेजारी कोण तें पाहूं. आपलें काळें, झिपऱ्या केसांचें आणि छातीवर पांढरट अर्धवर्तुळ असलेलें अस्वल मुख्यतः भारतांत, आणि त्याशिवाय नेपाळ व श्रीलंका या देशांत राहतें. पूर्ण वाढलेला नर साधारण ऐंशी ते दीडशें किलो भरतो. मादी त्याहून हलकी असते. थंड देशांतल्या अस्वलांप्रमाणें हें हिंवाळाभर झोंपून राहत नाहीं. त्याचें मुख्य अन्न म्हणजे वाळवी आणि मुंग्या. वारूळ फोडण्यासाठीं निसर्गानें त्याला तीन-चार इंच लांबीचीं वांकडीं नखें दिलीं आहेत. वरच्या जबड्यांतले मधले दोन दांत नसतात, त्या फटींतून तें वाळवी अक्षरशः ओढून घेतें, आणि त्या वेळीं माती नाकांत जाऊं नये म्हणून नाकपुड्या मिटूं शकतें. हा ओढण्याचा आवाज शंभर पावलांच्या पलीकडेहि ऐकूं जातो. याखेरीज बोरें, जांभळें, उंबरें, टेंभुर्णीचीं फळें, मध आणि उन्हाळ्याच्या तोंडीं मोहाचीं फुलें हा त्याचा आहार. माणूस हें त्याचें भक्ष्य नाहीं. माणसाची शिकार करण्यासाठीं तें गांवांत येत नाहीं.

मग तें माणसावर धांवून कां येतें? पूर्वीच्या मध्य प्रदेशांत, म्हणजे आजचें छत्तीसगड ज्यांत होतें त्या राज्यांत, एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पांच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत ६८७ माणसें जखमी झालीं आणि ४८ दगावलीं. हे आंकडे नीट पाहिले तर त्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, हें संकट लहान नाहीं. दुसरी, ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांपैकीं बहुतेक सर्व जिवंत राहिले. भक्ष्य म्हणून धरलेलें सावज कोणतेंहि जनावर अर्ध्यावर सोडून जात नाहीं. अस्वल सोडून जातें, कारण त्याला खायचें नसतें. त्याला समोरची भीति दूर करायची असते. या जनावराची नजर बेताची असते, कानहि तितकेसे तीक्ष्ण नसतात, आणि वारुळांत तोंड घातलें म्हणजे स्वतःच्याच आवाजांत त्याला दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं. घ्राणेंद्रिय मात्र फार तीव्र असतें. पण वारा उलट असेल तर त्याचाहि उपयोग होत नाहीं. अशा वेळीं माणूस दहा-पंधरा पावलांवर येऊन ठेपला कीं अस्वल एकदम दचकतें. हरिण दचकलें तर पळतें. अस्वल वाघ आणि बिबळ्या यांच्या रानांत वाढलेलें; वाघापुढें पळून त्याचा निभाव लागत नाहीं, आणि झाडावर चढलें तर तेथें बिबळ्याहि चढतो. म्हणून उलटून अंगावर जाणें हाच त्याचा पिढ्यानुपिढ्यांचा बचाव झालेला असावा, असें जाणकार मानतात. त्यांतून पिल्लें बरोबर असलीं तर विचारूंच नये. ही आई आपल्या पिल्लांना कित्येक महिने पाठीवर घेऊन हिंडते. तिच्या दृष्टीनें तिला नेहमींच दोन जीव सांभाळायचे असतात.

जिवंत राहिले असें आपण म्हटलें, पण त्या जगण्याचा अर्थहि ध्यानांत घ्यावयास हवा. अस्वल पुष्कळदां तोंडावर आणि डोक्यावर घाव घालतें. डोळा जातो, नाक किंवा जबडा तुटतो, टाळूची कातडी सोलून निघते. मग तालुक्याच्या गांवापासून नागपूरपर्यंत इस्पितळांची वारी, महिनोन्महिने बुडालेली मजुरी, आणि उरलेल्या आयुष्यांत आरशाची व लोकांच्या नजरेची टाळाटाळ. महाराष्ट्रांत ज्या प्राण्यांच्या हल्ल्याबद्दल सरकारी साहाय्य मिळतें त्यांत अस्वलाचा समावेश आहे, आणि तें साहाय्य वेळेवर मिळणें फार महत्त्वाचें आहे. पण पैशानें चेहरा परत येत नाहीं. म्हणून हल्ला होण्यापूर्वींच काय करतां येईल हा खरा प्रश्न आहे, आणि लोकशिक्षणाची गरज येथेंच उत्पन्न होते.

या शिक्षणाचा पहिला पाठ अगदीं साधा आहे : अस्वलाला दचकवूं नये. रानांत एकट्यानें न जातां दोघां-चौघांनीं मिळून जावें आणि जातांना बोलत, गात किंवा काठी आपटीत जावें. उत्तर गुजरातेंत काठीला घंटा बांधून रानांत जाण्याचा प्रयोग करण्यांत आला आहे. गुराख्याची ही जुनीच युक्ति नव्या कामाला लावलेली आहे. पहांटे, तिन्हीसांजा आणि रात्रीं अस्वल विशेष हिंडतें, म्हणून त्या वेळा शक्य तोंवर टाळाव्या. दुपारीं तें कपारींत, गुहेंत किंवा घाणेरीच्या दाट जाळींत पडून असतें, म्हणून अशा जागीं डोकावूं नये अथवा शौचास बसूं नये. फुलें किंवा पानें वेंचण्यासाठीं वांकण्यापूर्वीं झाडाभोंवतीं आणि झाडावर एकदां नजर टाकावी. मोकळा कुत्रा बरोबर नेऊं नये. तो अस्वलाला छेडतो आणि मग जीव घेऊन मालकाकडेच धांवत येतो, मागोमाग अस्वल. अस्वल दूर दिसलें आणि त्यानें आपल्याला पाहिलेलें नसलें, तर आल्या वाटेनें शांतपणें मागें फिरावें. पाहिलें असल्यास त्याच्याकडे पाठ न करतां हळूहळू मागें सरावें. पळूं नये. माणूस कितीहि जोरानें धांवला तरी अस्वल त्याहून वेगानें धांवतें.

आणि इतकें करूनहि तें अंगावर आलेंच तर? येथें त्या जुन्या गोष्टींतल्या दुसऱ्या मित्राची आठवण उपयोगी पडते. जमिनीवर पालथें पडावें, दोन्ही हातांच्या बोटांनीं मान मागून घट्ट झांकावी, तोंड जमिनीकडे दाबून धरावें आणि हालचाल करूं नये. अस्वल प्रेताला शिवत नाहीं म्हणून असें करावयाचें, ही समजूत चुकीची आहे. निश्चल पडलेल्या माणसाची त्याला भीति उरत नाहीं, म्हणून तें लवकर निघून जाण्याचा संभव वाढतो, आणि तोंवर चेहरा व मान वांचविण्याची हीच उत्तम रीत आहे. गोष्टींतला मित्र उताणा पडला होता कीं पालथा हें कोणी सांगितलेलें नाहीं. पण चेहरा आणि डोळे वांचणें न वांचणें पुष्कळ अंशीं त्यावरच अवलंबून आहे. कारण कळलें म्हणजे अशा बारीक गोष्टीहि ध्यानांत राहतात. नुसतें सूत्र पाठ केलें तर आयत्या वेळीं तें उलटें आठवतें.

हें सर्व सांगणें सोपें आहे. आतां तें ऐकणाऱ्याच्या जागीं उभे राहून पाहूं. मोहाचीं फुलें मार्च-एप्रिलांत, रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. जमिनीवर पडलेलें फूल हरणें, रानडुकरें आणि गुरें खाऊन टाकतात. म्हणून जी बाई आधीं पोंचेल तिला टोपली भरून मिळतात. रानांतल्या कित्येक कुटुंबांच्या हातीं उन्हाळ्यांत येणारा रोख पैसा याच फुलांचा, आणि मागाहून तेंदूच्या पानांचा. तेव्हां त्या बाईला उजाडण्यापूर्वींच निघावें लागतें, आणि नेमक्या त्याच वेळीं, त्याच झाडाखालीं, त्याच फुलांसाठीं अस्वलहि येतें. तिला आपण सांगणार, ‘बाई, पहांटे जाऊं नका.’ ती विचारील, ‘मग केव्हां जाऊं?’ या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नसेल तर आपला उपदेश म्हणजे पोटभरल्यानें उपाशाला सांगितलेलें उपवासाचें माहात्म्य होय.

उत्तर नाहीं असें मात्र नाहीं. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येथें कांहीं ठिकाणीं मोहाच्या झाडाखालीं जाळें बांधण्याची पद्धत सुरू करण्यांत आली आहे. फूल जमिनीवर पडतच नाहीं. तें जाळ्यांत अधर राहतें, त्याला माती लागत नाहीं आणि जनावरांनाहि तें सहज मिळत नाहीं. त्यामुळें ऊन वर आल्यावर चौघींनीं मिळून जाऊन फुलें उतरविलीं तरी चालतें. शिवाय स्वच्छ फुलाला बाजारांत भाव अधिक येतो. जमीन साफ दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची चालहि या जाळ्यामुळें अनावश्यक होते, आणि रानांतल्या वणव्यांचें एक कारण कमी होतें. एका जाळ्यानें वेळ बदलली, सोबत मिळाली आणि मिळकत वाढली. मग ‘पहांटे जाऊं नका’ हें वाक्य सांगण्याला तोंड राहतें. तीच गोष्ट शौचालयाची. घराजवळ पाण्याची सोय असलेलें शौचालय असेल तर अंधारांत झुडपांकडे जावें लागत नाहीं. तीच गोष्ट सरपणाची, आणि गांवच्या टोंकाला असलेल्या दिव्याची. ज्या शिक्षणाबरोबर सोय येत नाहीं, तें शिक्षण ऐकणाऱ्याच्या माथीं नुसतें ओझें ठेवतें, आणि अपघात झाल्यावर ‘आम्हीं सांगितलें होतें’ असें म्हणण्याची सोय तेवढी सांगणाऱ्याला होते.

आतां दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांकडे वळूं. ते म्हणजे तुम्ही-आम्ही. सुटींत थंड हवेच्या ठिकाणीं जाणारीं, अभयारण्यांच्या कडेच्या विश्रामगृहांत उतरणारीं आणि डबे उघडून बसणारीं आपलीं कुटुंबें. आपल्याकडून काय घडतें याचा मोठा धडा अमेरिकेंतील यलोस्टोन येथें मिळतो. हें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. तेथें पुढें कित्येक वर्षें उपाहारगृहांचें उष्टें-खरकटें ठराविक जागीं टाकीत, आणि संध्याकाळीं तें खाण्यासाठीं जमणारीं अस्वलें पाहण्यास प्रवाशांसाठीं बांकें मांडीत. हे जाहीर खेळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बंद झाले, तरी रस्त्याच्या कडेला मोटारी थांबवून खिडकींतून अस्वलाला बिस्किटें चारण्याची मौज चालूच राहिली. तिचा हिशेब असा : १९३१ पासून १९६९ पर्यंत त्या एका उद्यानांत अस्वलांमुळें दरवर्षीं सरासरीनें ४८ माणसें जखमी होत होतीं. १९७० सालापासून कारभाऱ्यांनीं धोरण पालटलें. उकिरडे बंद केले, अस्वलाला उघडतां येणार नाहींत अशा कचऱ्याच्या पेट्या बसविल्या, चारण्याच्या बंदीची कसून अंमलबजावणी केली, आणि प्रत्येक प्रवाशाला अन्न कसें ठेवावें हें शिकविलें. अलीकडच्या काळांत तेथील जखमींची सरासरी वर्षाला सुमारें एकावर आली आहे. प्रवासी मात्र कितीतरी पटींनीं वाढले आहेत.

या सुधारणेची एक कडू बाजूहि आहे, आणि ती झांकून ठेवूं नये. उकिरड्यांवर पोसलेल्या अस्वलांचें अन्न एकाएकीं तुटलें, तेव्हां तीं वस्त्यांकडे आणि तंबूंकडे वळलीं आणि त्यांतलीं पुष्कळ मारावीं लागलीं. तेथील तपकिरी ग्रिझली अस्वलांची संख्या इतकी घटली कीं १९७५ सालीं त्यांना कायद्यानें खास संरक्षण द्यावें लागलें. म्हणजे चारण्याची मौज माणसांनीं केली आणि तिची किंमत शेवटीं अस्वलांनीं भरली. ज्या जनावराला माणसाच्या हातच्या अन्नाची चटक लागली, त्याचे दिवस भरत आले असें तेथले वनरक्षक समजतात, तें उगाच नव्हे.

आपल्याकडे यलोस्टोनची आठवण व्हावी असें ठिकाण म्हणजे अबूचा पहाड. तेथील अभयारण्यांतलीं अस्वलें रात्रीं गांवांत उतरून हॉटेलांच्या मागचा कचरा धुंडाळतात, आणि प्रवासी त्यांचीं छायाचित्रें घेतात. अस्वलाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. वारूळ फोडायला घटकाभर खपावें तेव्हां मूठभर वाळवी मिळते. खरकट्याच्या ढिगांत तेवढ्याच वेळांत दिवसाचें पोट भरतें. कोणताहि शहाणा प्राणी काय करील? आपल्या घाटांतलीं माकडें मोटार थांबतांच बोनेटवर कां चढतात, याचेंहि उत्तर हेंच आहे. दरवर्षीं हजारों हातांनीं केळीं आणि चिवडा देऊन आपण त्यांना शिकविलें, आणि आतां तीं चावतात म्हणून आपण तक्रार करतों. शिक्षण दोन्ही बाजूंनीं होत असतें, श्रोतेहो. आपण जनावरांना न कळत जें शिकवितों, तें तीं फार चांगलें शिकतात.

अस्वलाच्या पाठानें दुसऱ्या जनावराची परीक्षा मात्र देतां येत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. बिबळ्यासमोर पालथें पडणें हा घातक प्रकार होईल. बिबळ्या शिकारी आहे. वांकलेलें, बसलेलें किंवा लहान चणीचें माणूस त्याला सावजासारखें दिसूं शकतें. त्याच्यासमोर ताठ उभें राहावें, हात वर करून मोठें दिसावें, मोठ्यानें बोलावें, लहान मुलाला उचलून घ्यावें आणि पाठ न फिरवितां मागें सरावें. हत्तीची रीत याहून वेगळी. सिंधुदुर्गांत २००२ सालीं कर्नाटकांतून आणि गडचिरोलींत २०२१ सालीं पूर्वेकडून रानटी हत्ती आले, तेव्हां तेथल्या शेतकऱ्यांना हत्तीचा अनुभव पिढ्यानपिढ्या नव्हता. शिकण्यास आजोबांचीं सांगणींहि नव्हतीं. हत्ती जवळ आहे ही बातमी वेळेवर कळणें हेंच तेथें मोठें शिक्षण असतें. तामिळनाडूंतील वालपराई येथें चहामळ्यांतल्या लोकांच्या मोबाईलवर हत्तींचा ठावठिकाणा कळविण्याची आणि हत्ती आसपास असल्यास उंच जागीं तांबडा दिवा लावण्याची व्यवस्था आहे. संध्याकाळीं कामावरून परतणारा मजूर दिवा पाहून वाट बदलतो. त्यासाठीं अक्षरओळखहि लागत नाहीं.

शिकण्याची गरज अधिकाऱ्यांना आणि नागरिकांनाहि कशी असते, याचा पुरावा आपल्या जुन्नरच्या उंसांत आहे. तेथें बिबळ्या दिसला कीं पिंजरा लावून धरावा आणि दूरच्या रानांत सोडावा, ही मागणी कोणालाहि रास्तच वाटेल. २००१ च्या सुमारास तसें मोठ्या प्रमाणावर करण्यांत आलें. वन्यजीवांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. १९९३ ते २००१ या काळांत त्या भागांत माणसांवर वर्षाला सरासरीनें चार हल्ले होत. बिबळे धरून हलविण्यास सुरुवात झाल्यावर ती सरासरी सतरांवर गेली. परक्या मुलुखांत सोडलेला, पिंजऱ्यांत बुजलेला बिबळ्या माणसांत अधिक धोकादायक ठरत असावा, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. म्हणजे भयानें केलेली मागणी पुरी झाली आणि त्यामुळें भय वाढलें. जुन्नरचा प्रश्न आजहि सुटलेला नाहीं. पण ‘पकडा आणि सोडा’ हा त्यावरचा उतारा नव्हे, एवढें तरी तेथें स्पष्ट झालें.

मुंबईंतहि तसेंच घडलें. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें, आणि त्याला तिन्ही बाजूंनीं महानगराचा वेढा. २००२ ते २००४ या वर्षांत तेथें बिबळ्यांच्या हल्ल्यांनीं हाहाकार उडाला होता. पुढें २०११ सालीं वनविभाग, अभ्यासक आणि मुंबईचे नागरिक यांनीं मिळून एक उपक्रम हातीं घेतला. त्यांनीं सोसायट्यांतून आणि पाड्यांतून सभा घेतल्या, शाळांत जाऊन मुलांशीं बोलले, पोलिसांना आणि पत्रकारांना एकत्र बसवून समजावून दिलें कीं बिबळ्या नुसता दिसणें हा गुन्हा नव्हे आणि ती बातमीहि नव्हे. कचरा साठला कीं कुत्रीं जमतात, कुत्रीं जमलीं कीं बिबळ्या येतो. म्हणून बिबळ्याचा बंदोबस्त कचरागाडीपासून सुरू होतो, ही साखळी त्यांनीं लोकांना उलगडून दाखविली. बिबळे आजहि तेथें आहेत, माणसेंहि आहेत, आणि हल्ले अजिबात थांबले असें नाहीं. पण बिबळ्या दिसतांच पिंजऱ्याचा धोशा लावणारें शहर आतां पहिल्यासारखें राहिलेलें नाहीं.

या सर्व उदाहरणांवरून चांगल्या लोकशिक्षणाचीं लक्षणें सांगतां येतील. तें हंगामाच्या आधीं व्हावें. मोहाचा पाठ फेब्रुवारींत द्यावयाचा. मे महिन्यांत दिलेला पाठ जखमीला औषधाप्रमाणें उशिरा पोंचतो. तें ऐकणाऱ्याच्या भाषेंत व्हावें. मेळघाटांत कोरकूंत आणि गडचिरोलींत गोंडींत सांगितलेली गोष्ट घरापर्यंत जाते, भिंतीवरच्या छापील मराठी फलकाजवळून मात्र लोक निघून जातात. तें प्रथम बायकांपर्यंत आणि गुराखी पोरांपर्यंत जावें, कारण रानांत तेच जातात; ग्रामसभेंत पुढें बसणारे पुष्कळदां जात नाहींत. शिकविण्यापूर्वीं विचारावें : अस्वलाची वाट कोणती, पाण्यावर तें केव्हां येतें, पूर्वीं कोणाला कोठें गांठलें. हें ज्ञान गांवांत असतेंच. तें एकत्र करून गांवाच्याच नकाशावर मांडलें तर निम्मा पाठ तेथेंच तयार होतो. आणि यशाचें माप किती फलक लावले किंवा किती व्याख्यानें झालीं यावरून घेऊं नये. गेल्या वर्षीं किती माणसें जखमी झालीं आणि यंदा किती, हेंच एक माप खरें.

आणखी एक पाठ साऱ्यांनाच सारखा लागू आहे, तो गर्दीचा. अस्वल चुकून विहिरींत पडतें, किंवा दिवसा शेतांत अडकतें. क्षणांत दोन-चारशें माणसें गोळा होतात, दगड उडतात, पोरें मोबाईल घेऊन पुढें सरसावतात. त्या जनावराला निसटण्याची एक वाट हवी असते, आणि नेमकी तीच गर्दीनें बुजविलेली असते. मग तें ज्या दिशेनें फुटतें, त्या दिशेला उभा असलेला मनुष्य जन्मभर त्याची खूण वागवितो. अशा वेळीं वनविभागाला कळवावें, लोकांना मागें सारावें, रानाकडची बाजू मोकळी ठेवावी आणि अंधार पडूं द्यावा. पुष्कळ वेळां जनावर आपण होऊन निघून जातें. पांच-दहा वजनदार माणसांनीं गर्दी आवरण्याचें काम आधींच वांटून घेतलेलें असेल तर आयत्या वेळीं हें साधतें, एरव्हीं नाहीं.

शहरांत राहणाऱ्या आपणां सर्वांना या कामांत करण्यासारखें थोडें आहे, पण तें क्षुल्लक नाहीं. सहलीहून येतांना आपलें उष्टें-खरकटें आपल्याबरोबर परत आणावें. कोणत्याहि रानटी जनावराला चारूं नये आणि मुलांना चारूं देऊं नये. ज्या विश्रामगृहाच्या मागें उघडा उकिरडा दिसेल, त्याच्या मालकाला तो बंद करण्यास सांगावें. पैसे देणाऱ्या पाहुण्याचा शब्द तो वनरक्षकाच्या शब्दाहून लवकर ऐकतो. जनावर दिसल्याच्या बातम्या आणि चित्रें शहानिशा न करतां पुढें धाडूं नयेत. आणि जंगल राखलें पाहिजे असें आपण दिवाणखान्यांत बसून म्हणतों, तेव्हां त्या राखण्याची किंमत कोण भरतो हें लक्षांत ठेवावें. वाघ-अस्वलांच्या अस्तित्वाचा आनंद आपण सारे घेतों. त्यांच्या नखांची जोखीम मात्र मोहाखालीं वांकलेल्या थोड्या बायकांच्या वांट्याला येते. जाळीं, शौचालयें, दिवे आणि वेळेवर मिळणारी भरपाई यांसाठीं सरकारी तिजोरींतून पैसा खर्च होतो, तेव्हां तें दान आहे असें कोणी समजूं नये. जंगलाचा लाभ घेणाऱ्यांनीं जंगलाच्या शेजाऱ्यांना द्यावयाचें तें देणें आहे, आणि आजवर तें पुष्कळ थकलेलें आहे.